ताशी साठ

वजनमापे खात्यातल्या माणसाने घरी आल्यावर काहीही मोजू नये, असा एक नियम खात्याच्या नियमावलीत असायला हवा होता. तो नाही. त्यामुळे या गोष्टीतले निरीक्षक घरी येऊनही मोजतच असत. पातेल्यातलं दूध, भिंतीवरच्या घड्याळाचा कल, पडद्याची जमिनीपासूनची उंची. मुलीची उंची तर ते दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीशी घ्यायचे, टाचा टेकवून आणि केस दाबून. एकदा तरी लेकराला अर्धा सेंटिमीटर जास्त द्या, खातं काही बुडणार नाही, असं बायको म्हणायची. माप म्हणजे माप, असं ते म्हणायचे आणि पेन्सिलीची खूण करायचे.

बाजारात त्यांना 'काटा' म्हणत. 'काटा आला रे' अशी कुजबूज पहिल्या दुकानातून निघाली की ते तिसऱ्या दुकानात पोचेपर्यंत सातव्या दुकानातली वजनं पुसून लख्ख झालेली असत. दुकानात शिरल्यावर त्यांचा पहिला प्रश्न नेहमी एकच असे: खात्याचं सील कुठाय? नमस्कारचमत्कार त्यानंतर. या नावाचं त्यांना वाईट वाटत नसे. उलट एवढ्या वर्षांत आपल्याला दुसरं नाव पडलं नाही, याचा त्यांना थोडा अभिमानच होता.

अशा माणसाच्या पोटी हळू सर्व्हिसची मुलगी जन्माला आली. मुलगी नववीत, घरातलं नाव बबडी, आणि हे नाव मैत्रिणींसमोर उच्चारायचं नाही अशी तिची सक्त ताकीद. शाळेच्या व्हॉलीबॉलच्या चमूत ती होती खरी, पण गेलं वर्षभर राखीव. म्हणजे बाकावर बसायचं, पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या आणि गुणफलकाचे आकडे उलटायचे. पालकांच्या सभेत निरीक्षकांनी खेळाच्या बाईंना कारण विचारलं. बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. "हिचा हात सरळ आहे, चेंडू सांगाल तिथे टाकते," त्या म्हणाल्या. "पण तो इतका सावकाश जातो की समोरची मुलगी केसांना क्लिप लावून मग उचलते." मागच्या रांगेतले पालक हसले. निरीक्षकही सभ्यपणाने हसले, पण ते हसू त्यांना घरापर्यंत टोचत राहिलं.

त्या रात्री जेवताना बबडी म्हणाली, या वर्षीच्या निवडीतही राखीवच ठेवलं तर मी खेळ सोडून देणार. आदळआपट नाही, रडणं नाही, भात कालवता कालवता म्हणाली. आईबाप दोघंही गार झाले. ही पोर चालायला शिकली ती चेंडूमागे. तिने एवढ्या शांतपणे सोडायची भाषा करावी, म्हणजे वर्षभर बाकावर बसून तिचं काय झालं होतं, ते त्या दोघांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

निरीक्षकांनी दुसऱ्याच दिवशी कंबर कसली. त्यांना व्हॉलीबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण असल्या कारणाने आजवर कुठला बाप थांबलेला नाही.

सल्ल्यांना काही तोटा नव्हता. पहिल्या मजल्यावर पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक राहत. त्यांच्या मते प्रश्न ताकदीचा नव्हताच, कोनाचा होता. त्यांनी गुडघ्याचा पट्टा सावरत खाली येऊन गाड्या लावायच्या जागेतल्या भिंतीवर खडूने चेंडूचा अख्खा मार्ग काढला, त्याखाली समीकरण लिहिलं आणि टाळ्यांची वाट पाहिली. बबडीने विचारलं, यात हवा कुठे आहे? हवा पुढच्या वर्षाच्या अभ्यासक्रमात असते, असं प्राध्यापक म्हणाले. ती भिंत नेमकी सोसायटीच्या चिटणिसांच्या गाडीमागची निघाली, आणि चिटणिसांना समीकरणांची आवड नव्हती. संध्याकाळी फलकावर सूचना लागली: आवारात चेंडू आपटू नये.

निरीक्षक स्वतः सरकारी माणूस, सूचनेला घाबरणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी रीतसर अर्ज केला. समितीची बैठक भरली, दोन तास चालली, आणि तिसऱ्या दिवशी ठराव हाती पडला. चेंडू मारण्यास समितीची हरकत नाही, मात्र आवाज होता कामा नये. मग इमारतीमागच्या भिंतीवर एक जुनी गादी टांगण्यात आली. आवाज खरोखरच गेला, पण प्रत्येक फटक्याला गादीतून कापूस निघू लागला आणि तो दुसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर स्थिरावू लागला. त्यावर दुसरा अर्ज आला, तो निरीक्षकांच्या विरुद्ध होता.

बायको परिचारिका होती. ती दवाखान्यातून दमून यायची, एकदा बबडीकडे बघायची आणि म्हणायची, "खांदा आहे तो, दाराची बिजागरी नाही." आधी हात सैल करायचे, मग मारायचं, आणि दुखायला लागलं की थांबायचं, एवढंच तिचं शास्त्र. बाकीचं बाईंनी शाळेत शिकवलं होतं: चेंडू दर वेळी सारखाच उंच उडवायचा, पाऊल आत टाकायचं, आधी कंबर फिरवायची, मग हात, आणि तळव्याच्या टणक भागाने ठोसायचा. बबडी ते मुकाट्याने करत राहिली. बाप शेजारी उभा राहून 'अजून जोरात' म्हणत राहिला, हे त्याचं योगदान.

पण निरीक्षकांचं समाधान होईना. सुधारणा होतेय म्हणजे किती होतेय? 'जरा बरी वाटतेय' या वाक्याची त्यांना मनापासून किळस होती. जरा म्हणजे काय? हा प्रश्न डोक्यात घेऊन ते कचेरीत बसले असताना समोरच्या कपाटाकडे त्यांचं लक्ष गेलं. तिथे वाहतूक शाखेची वेग मोजायची बंदूक पडून होती. तिच्या मुठीला 'तपासणी बाकी' अशी चिठ्ठी बांधलेली होती, कारण पकडलेल्या काही चालकांनी ती जास्त वेग दाखवते अशी तक्रार केली होती. आता पकडलेला प्रत्येक चालक हेच म्हणतो. निरीक्षकांनी चिठ्ठी वाचली आणि बंदुकीत खोट कसली असणार, असं मनाशी ठरवून टाकलं.

वस्तू बाहेर न्यायची तर कारण लिहायला हवं. हेडक्लार्कने यादी वाचून दाखवली: दुरुस्तीसाठी, न्यायालयात हजर करण्यासाठी, मोडीत काढण्यासाठी. मुलीच्या सर्व्हिससाठी असं कारण त्यात नव्हतं. बरीच खलबतं झाल्यावर 'प्रत्यक्ष जागेवरील चाचणी' हा मथळा सापडला. पण मंजुरी द्यायची साहेबांनी, साहेब रजेवर, आणि साहेबांचा कार्यभार खुद्द निरीक्षकांकडे. म्हणजे त्यांचाच अर्ज दुपारी त्यांच्याच टेबलावर आला. दुसरा कुणी असता तर सही ठोकून मोकळा झाला असता. यांनी त्यावर 'अर्जदाराने कारण स्पष्ट करावे' असा शेरा मारला, दुसऱ्या दिवशी अर्जदार म्हणून कारण स्पष्ट केलं, आणि मग नाखुशीने मंजुरी दिली.

पहिल्याच संध्याकाळी बंदुकीने आकडा दाखवला: एक्कावन्न. ताशी एक्कावन्न किलोमीटर! क्लिप लावून उचलणारी ती समोरची मुलगी आता कुठे गेली, असं निरीक्षक म्हणाले आणि बबडी खळखळून हसली. बाजारातल्या प्रत्येक काट्याला सील विचारणाऱ्या माणसाने त्या बंदुकीला सील विचारलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आकडा मनासारखा आला की भल्याभल्यांना सील आठवत नाही.

पुढचे दिवस त्या घरातले फार चांगले दिवस होते, हे सांगायलाच हवं. गेलं वर्षभर ही मुलगी बापाच्या दहा प्रश्नांना मिळून एक 'हं' द्यायची. ती आता फाटकाशी उभी राहून त्यांची वाट बघू लागली. चोपन्न झाले, मग सत्तावन्न. चेंडू उडवताना माझा हात वाकतो का, ते बघा, असं ती बापाला सांगायची आणि बाप डोळ्यांत तेल घालून बघायचा. जेवताना दोघं असं बोलायची की बायकोला मीठ मागायला मध्ये जागा सापडू नये. आपल्याला मुलगी परत मिळाली, असं निरीक्षकांना वाटायचं, आणि त्या वाटण्यात काही खोट नव्हती.

बंदुकीची कीर्ती शाळेत पोचली. बाईंना कल्पना आवडली. त्यांच्या निवडीवर दरवर्षी कुणी ना कुणी पालक रुसायचेच, आता आकडाच बोलेल. बबडीने अठ्ठावन्नपर्यंत गेल्याचं सांगितलं होतं, त्यावरून त्यांनी सरळ साठ ही रेघ मारली. निवडीच्या दिवशी बंदूक मैदानावर आणायची, आणि जिची सर्व्हिस एकदा तरी साठच्या वर जाईल तिचाच पहिल्या सहांत विचार होईल. निवडीच्या दोन दिवस आधी बबडीने एकसष्ट मारले. प्राध्यापकांनी खाली येऊन हस्तांदोलन केलं आणि श्रेय समीकरणाला दिलं.

निवड रविवारी सकाळी होती. शनिवारी संध्याकाळी निरीक्षक फाटकापाशी खुर्ची टाकून बंदुकीची काच पुसत बसले होते. समोरून प्राध्यापक फेरफटका मारून, पट्टा बांधलेला गुडघा सांभाळत, काठी टेकत येत होते. निरीक्षकांनी गंमत म्हणून बंदूक त्यांच्यावर रोखली. आकडा आला एकोणीस. प्राध्यापकांना तो दाखवल्यावर ते हरखून गेले. पुन्हा मोजा म्हणाले, मागे गेले, पुन्हा चालत आले. पुन्हा एकोणीस. नव्या गोळ्यांचा गुण दिसतो, असं म्हणत ते जिना चढू लागले आणि पहिल्याच पायरीवर दम खायला थांबले.

निरीक्षकांचं हसू तिथेच विरलं. ताशी एकोणीसने धावणाऱ्या माणसाला गाठायचं तर सायकल लागते.

त्यांनी घरातून टेप आणि घड्याळ आणलं. मागच्या गल्लीत शंभर मीटर मोजून खडूने दोन रेघा मारल्या आणि बायकोला स्कूटर घेऊन खाली बोलावलं. ती दवाखान्यातून नुकतीच आली होती, गणवेशातच होती. एक फेरी हळू, एक जोरात, पण फेरीभर वेग एकच ठेव, एवढंच त्यांनी सांगितलं. ती गेली, आली, पुन्हा गेली. चिटणीस गच्चीतून हे पाहत होते आणि याविरुद्ध कुठला ठराव करता येईल, याचा बहुधा विचार करत होते. अंतर आणि वेळ यांवरून निघालेला वेग एक, बंदुकीचा दुसरा. फरक दर वेळी तोच: चौदा. स्कूटर हळू असो वा जोरात, बंदूक इमानेइतबारे चौदा जास्त दाखवत होती.

म्हणजे एकसष्टचे खरे सत्तेचाळीस.

बायकोने स्कूटर उभी केली आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावरून सगळं ओळखलं. ती म्हणाली, उद्याचा दिवस जाऊ द्या. सगळ्याच मुलींना चौदा जास्त मिळणार, त्यात कुणावर अन्याय होतो? सोमवारी काय ते सांगा. निरीक्षकांना ते पटलं, अगदी मनापासून पटलं, आणि तेवढ्यात त्यांना तो किराणावाला आठवला, जो म्हणाला होता, साहेब, मी सगळ्यांनाच सारखं कमी देतो, अन्याय कुणावरच नाही. त्याला त्यांनी दंड केला होता. पण किराणावाला त्यांची मुलगी नव्हता, आणि उद्या बाकावर बसायची वेळ किराणावाल्यावर येणार नव्हती. माप म्हणजे माप असं म्हणणं आजवर त्यांना फार सोपं गेलं होतं, कारण पलीकडच्या पारड्यात नेहमी दुसऱ्याचा माल असे.

रविवारी सकाळी बबडी स्कूटरवर मागे बसली, बापाच्या खांद्यावर हात ठेवून. ती गुणगुणत होती. शाळेच्या अलीकडच्या वळणावर निरीक्षकांनी स्कूटर बाजूला घेतली, थांबवली आणि समोर बघतच सगळं सांगून टाकलं. बंदूक चुकीची आहे. चौदा जास्त दाखवते. तुझे एकसष्ट म्हणजे सत्तेचाळीस.

ती मागून उतरून समोर आली.

"हे आजच सांगायचं होतं?"

"मला काल संध्याकाळी कळलं."

"मग उद्या सांगायचं."

पहिल्या दिवशी सदतीस होते, ते सत्तेचाळीस झाले, दहा तू खरोखर वाढवलेस, असं ते घाईघाईने म्हणाले. चूक दर वेळी सारखीच होती, त्यामुळे वाढ खोटी नाही, हेही त्यांनी समजावलं. ते बिनचूक होतं आणि त्या क्षणी कुणाच्याही कामाचं नव्हतं. पुढचा रस्ता तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नाही, मागची सळई धरून बसली.

मैदानावर निरीक्षकांनी बाईंना बाजूला घेतलं, पण बाईंचा आवाज बाजूला घेता येण्यातला नव्हता. बंदूक बिघडलेली आहे हे एका मिनिटात सगळ्या पालकांना कळलं. मग साठचं काय करायचं, कुणीतरी विचारलं. मुळात ते साठ आलं कुठून, दुसऱ्याने विचारलं, आणि ते या मुलीच्या अठ्ठावन्नवरून आलं हे कळल्यावर सगळे बबडीकडे पाहू लागले. एक गृहस्थ शेजारणीला म्हणाले, काट्याने पोटच्या पोरीचाच काटा काढला. निरीक्षकांनी ते ऐकलं. बाजारातलं नाव इथपर्यंत पोचल्याचं त्यांना त्या दिवशी मुळीच कौतुक वाटलं नाही.

बाईंनी बंदूक पिशवीत टाकायला लावली आणि जुन्या पद्धतीने निवड केली. चमूची कर्णधार जाळीपलीकडे उभी राहिली. जिच्या सर्व्हिस तिला उचलता येणार नाहीत, ती आत. बबडीची पाळी आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. पहिला चेंडू जाळीत गेला. दुसरा नीट गेला, पण कर्णधाराने तो सहज उचलला. तिसरा मात्र कर्णधाराच्या हातावर आदळून पार कुंपणापर्यंत उडाला आणि बाईंनी मान वर करून पाहिलं. चौथा रेषेबाहेर पडला. बाईंनी नावं वाचली. सहांत बबडी नव्हती. राखीव खेळाडूंत तिचं नाव पहिलं होतं, पण राखीव ते राखीव.

घरी आल्यावर तिने चेंडू पलंगाखाली सरकवला. त्याचा तिथे भिंतीला लागून झालेला हलकासा आवाज स्वयंपाकघरात ऐकू आला. बायकोने चार शब्द सुनावले असते तर निरीक्षकांना बरं वाटलं असतं. आता आवारात शांतता राहील, याबद्दल आनंद व्यक्त करायला चिटणीस स्वतः वर येऊन गेले. सोमवारी निरीक्षकांनी बंदुकीचा अहवाल लिहिला: चौदा जास्त दाखवते, वापरास अयोग्य. त्या बंदुकीने पकडलेल्या चालकांची चौकशी पुन्हा व्हावी, असंही खाली लिहिलं. काम चोख झालं होतं. चोख कामानंतर त्यांना नेहमी चहा प्यावासा वाटायचा, तो त्या दिवशी वाटला नाही.

आपण बरोबर वागलो, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. त्रास त्याचाच होता. चूक केली असती तर माफी मागता आली असती. बरोबर वागल्याची माफी कशी मागतात, ते त्यांना ठाऊक नव्हतं. घरात पुन्हा 'हं' सुरू झालं होतं, आणि आता तर तेही जपून खर्च होत होतं.

आठवडा उलटला. एका संध्याकाळी ते कचेरीतून परतले तेव्हा इमारतीमागून आवाज येत होता. गादी काढून टाकलेली होती, त्यामुळे आवाज चांगला मोठा होता. ते पिशवी घेऊन तसेच मागे गेले. बबडी एकटीच होती. तिने त्यांना पाहिलं, चेंडू उचलून काखेत धरला आणि जमिनीकडे बघत विचारलं,

"पहिल्या दिवशी किती होते? खरे?"

"सदतीस."

"आणि शेवटी?"

"सत्तेचाळीस."

"म्हणजे दहा."

"दहा."

तिने मान वर केली. "मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत?"

निरीक्षकांनी तोंड उघडलं, पण त्यांना बोलावं लागलं नाही. ती त्यांच्याकडे बघता बघता स्वतःच म्हणाली, "नाही. तुम्ही तसं नाही सांगणार."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. भिंत चेंडू परत फार नीट देते, त्याने सवय बिघडते, समोर माणूस हवा, असं बबडी म्हणाली. आई आल्यावर तिला विचारणार होते, असंही म्हणाली. निरीक्षकांनी पिशवी भिंतीशी ठेवली, बाह्या दुमडल्या आणि ते पलीकडे जाऊन, कर्णधार उभी राहिली होती तसे दोन्ही हात जोडून पुढे करून उभे राहिले. वरून प्राध्यापक कोन सांगू लागले. चिटणिसांची खिडकी उघडली.

बबडीने चेंडू उडवला, पाऊल आत टाकलं, कंबर फिरवली. चेंडू निरीक्षकांच्या मनगटांवर आला, तिथून हनुवटीवर गेला आणि मग चिटणिसांच्या गाडीच्या दिशेने निघून गेला. निरीक्षक मटकन खाली बसले. ती धावत आली.

"बाबा, लागलं का?"

"लागलं," निरीक्षक म्हणाले, कारण लागलंच होतं. "जोरात लागलं."

मुलगी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली आणि पोट धरून हसत सुटली.